वीस नखे, दोन उखळ्या

मी एक जुना एक्स-रे आहे. माझा एक कोपरा दुमडलेला आहे आणि मधोमध कुणाच्या तरी अंगठ्याचा तेलकट ठसा उमटलेला आहे. माझ्यासारख्यांना तुम्ही ओळखता, मित्रांनो. आम्ही कपाटावर, गादीखाली किंवा देवाच्या तसबिरीमागे वर्षानुवर्षे पडून असतो, आणि सूर्यग्रहण आले की अचानक आमची आठवण होते. मग घरदार आम्हाला डोळ्यांपुढे धरून आकाशाकडे पाहते. आमच्यातून सूर्य पाहणारे मला पुष्कळ भेटले. आमच्यात काय आहे, हे पाहणारे फारच थोडे. माझी कथा त्या पुष्कळांविषयी आहे, म्हणून ती रागाची आहे. तरीही मी ती शांतपणे सांगेन. ओरडणाऱ्याचे म्हणणे लोक त्याच्या आवाजावर ढकलून मोकळे होतात. ती सवलत मला कुणालाही द्यायची नाही.

माझा जन्म नगर शहरातल्या जनावरांच्या एका दवाखान्यात झाला. शहराचे नाव आता अहिल्यानगर आहे, पण गावाकडची माणसे अजून ‘नगरला जाऊन येतो’ असेच म्हणतात. टेबलावर एक जर्मन शेफर्ड जातीचा कुत्रा भुलीच्या अमलाखाली उताणा निजला होता. त्याचे मागचे दोन्ही पाय सरळ ताणून, गुडघे किंचित आत वळवून धरले होते. खुब्याचा सांधा नीट दिसायचा तर कुत्र्याला असेच निजवावे लागते. क्षणभर यंत्र गुणगुणले आणि थोड्या वेळाने मी कोमट अंगाने बाहेर पडलो. माझ्या कोपऱ्यात छापले होते : कॅप्टन, नर, अडीच वर्षे. त्याखाली तारीख.

तिथल्या डॉक्टरांचे नाव अश्विनी. त्यांनी मला उजेडाच्या पेटीवर लावले. मित्रांनो, खुब्याच्या सांध्याला तुमच्या पुस्तकात उखळीचा सांधा म्हणतात. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोलगट उखळीत बसलेला असतो. उखळी खोल असेल तर गोळा आत सुखाने फिरतो. उथळ असेल तर तो प्रत्येक पावलाला कडेवर घासतो, कड झिजते, आणि एके दिवशी प्राण्याला उठणेच नकोसे होते. कॅप्टनच्या दोन्ही उखळ्या उथळ होत्या. डॉक्टरांनी पांढऱ्या पेन्सिलीने माझ्यावर दोन बाण काढले आणि कुत्र्याच्या मालकाला जवळ बोलावले.

मालक म्हणजे देवळाली प्रवराजवळचे ऊसबागायतदार काकासाहेब. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला मान होता आणि तो मान त्यांना स्वतःलाही पुरेसा ठाऊक होता.

“काका, हा आज चालतोय, पळतोय. पुढे त्याला त्रास होणार आहे, तो किती ते आपण सांभाळून कमी करू,” डॉक्टर म्हणाल्या. “पण याच्यापासून पिल्लं घेऊ नका. हे पिल्लांत उतरतं.”

“वीस नखं हायेत त्याला, म्याडम,” काकासाहेब म्हणाले.

हे उत्तर समजण्यासाठी तुम्हाला एक गोष्ट ठाऊक हवी. सामान्य कुत्र्याला अठरा नखे असतात. एखाद्याच्या मागच्या पायांना, जमिनीपासून वर, आणखी एकेक नख असते. अशा कुत्र्याला आमच्याकडे वीसनखी म्हणतात. तो शूर असतो, धन्याचा पाठीराखा असतो आणि घराला बरकत आणतो, अशी समजूत आहे. कॅप्टन वीसनखी होता. त्याला पाहायला येणारा प्रत्येक जण आधी त्याच्या मागच्या पायांशी वाके, मोजणी करी आणि समाधानाने मान हलवी.

डॉक्टरही वाकल्या. त्यांनी ते जादा नख बोटाने हलवून दाखवले. ते नुसते कातडीला लोंबत होते.

“यावर तो उभा राहत नाही, काका,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्यावरच्या बाणांवर बोट टेकवले. “यावर राहतो.”

त्यांनी एका कागदावर स्वच्छ मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून दिले : ‘या कुत्र्याचा प्रजननासाठी वापर करू नये.’ म्हणजे पुढे जे घडले त्याला भाषेची अडचण हे कारण देता येणार नाही. काकासाहेबांनी तो कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. तो कागद त्यानंतर कुणी पाहिला नाही. घडी होऊन खिशात मावण्याइतका मी लहान नव्हतो, एवढ्याच कारणाने मी वाचलो.

तुम्ही विचाराल, ज्या माणसाचा नखांवर इतका विश्वास, तो दवाखान्यात गेलाच कशाला? त्याला जयाने पाठवले होते.

जया गावातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत असे. काकासाहेबांचे जुने स्नेही बन्सीभाऊ हे तिचे सासरे. तिच्याकडे रेवा नावाची त्याच जातीची कुत्री होती आणि रेवाला कॅप्टन दाखवायचा, असे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकले होते. आमच्या भागात ऊस घराच्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि उसाच्या आडोशाने बिबट्या येतो. म्हणून रानातल्या प्रत्येक वस्तीला दांडगा कुत्रा हवा असतो, आणि पिल्ले डोळे उघडायच्या आत बोलून ठेवलेली असतात. जयाने एवढेच म्हटले, की आधी दोघांचे एक्स-रे काढू. रेवाचा तिने स्वतः काढून आणला. तो उत्तम होता. मग तिने कॅप्टनचा मागितला.

काकासाहेबांच्या ओसरीवर तेव्हा जे हसू उसळले, ते मी ऐकलेले नाही. माझा जन्म व्हायचा होता. पण ते इतक्या वेळा, इतक्या कौतुकाने पुन्हा सांगितले गेले की मला पाठ आहे.

“सूनबाई,” काकासाहेब म्हणाले, “पोराकडच्याला कुनी कागद मागतं का?”

या वाक्यावर तुम्ही थोडे थांबावे, असे मला वाटते. कुत्री कुत्र्याच्या घरी आणायची, तिला कुंकू लावायचे, तिच्या मालकाला नारळ द्यायचा, आणि होणाऱ्या पिल्लांतले पहिले पिल्लू कुत्र्याच्या मालकाने निवडून घ्यायचे, असा आमच्याकडचा रिवाज आहे. त्यात जो नर तो वरपक्ष. वरपक्षाचा मानपान असतो. त्याची तपासणी नसते. तपासायची ती मुलगी. माणसांनी आपल्या घरातला सगळ्यांत जुना अन्याय कुत्र्यांनाही मोठ्या हौसेने वाटून दिला होता. अशा औदार्याला काय म्हणावे, ते मला सुचत नाही.

आणि हीच माणसे परीक्षेत कच्ची होती, असेही नाही. काकासाहेब बाजारात बैल घेताना त्याच्या अंगावरचा एकेक भोवरा पाहत, दात मोजत, खूर उचलून बघत, आणि ओझे नसताना व ओझ्यासह असे दोनदा चालवून घेत. या देशात घोड्याच्या परीक्षेवर ग्रंथ लिहिले गेले, हत्तीच्या लक्षणांवर लिहिले गेले. प्राण्याच्या आत काय दडले आहे ते बाहेरच्या खुणांवरून ताडण्यासाठी पूर्वजांनी आयुष्ये घालवली. त्यांच्या वंशजांना आत पाहण्याचे साधन मिळाले, तेव्हा त्यांनी ते कपाटावर ठेवले.

काकासाहेब नगरला गेले ते शंका होती म्हणून नाही. वीसनखी कुत्रा पहिल्या नंबरात पास होणार आणि सुनेची जिरणार, या खात्रीने गेले. परतताना जीपमध्ये मी त्यांच्या मांडीवर होतो.

चार दिवसांनी जया शाळेच्या प्रशिक्षणासाठी तीन दिवस बाहेरगावी गेली. दुसऱ्याच दिवशी बन्सीभाऊ ओसरीवर आले आणि त्यांनी संकोचाने माझी चौकशी केली. काकासाहेबांनी मला पाकिटातून काढून त्यांच्या हाती दिले. बन्सीभाऊंनी मला उजेडाकडे धरले. आधी उलटे, मग सुलटे.

“काकासाहेब, यात पांढरं ते चांगलं, का काळं?”

“हाड पांढरंच आसतंय, बन्सीभाऊ. बघा की, कसं चुन्यावानी हाय.”

“आन् हे बान कशाचे?”

“ते हाड कुठं हाय ते दावल्यात.”

बन्सीभाऊंनी मान डोलावली. त्यांना शंका नव्हती असे मी म्हणणार नाही. अंगठा माझ्यावर जरा जास्तच वेळ टेकलेला होता, तो ठसा अजून आहे. पण तीस वर्षांच्या मैत्रीपुढे एक काळी फिल्म म्हणजे काय? पंचांग पाहिले गेले. अमावास्या टाळली गेली. रेवा टेम्पोतून आली, काकासाहेबांच्या पत्नी कडूबाई यांनी तिला कुंकू लावले आणि नारळ दिला गेला. सगळे काही पाहून झाले. जे आधीच तपासून झाले होते, तेवढे सोडून.

जया परतली तेव्हा काम उरकले होते. ती संतापली. दोन दिवस सासऱ्यांशी बोलली नाही. तिने एक्स-रे पाहायला मागितला, तेव्हा काकासाहेबांनी तो दवाखान्यातच ठेवून घेतल्याचे सांगितले. मी त्या वेळी त्यांच्या डोक्यावर, कपाटाच्या माथ्यावर होतो. जयाने दवाखान्यात एक फोन करायला हवा होता. तिने तो केला नाही. नात्यात कशाला वाकडेपणा, असा विचार तिने केला आणि पिल्लांचे डोळे उघडल्यावर तोही विचार मागे पडला. मित्रांनो, माझा राग फक्त खोटे बोलणाऱ्यांवर आहे असे समजू नका. ज्यांना विचारायचे कळत होते आणि जे एकदा विचारून थांबले, त्यांच्यावरही आहे.

पिल्ले सात झाली. काकासाहेबांनी येऊन नखे मोजली आणि वीसनखी पिल्लू उचलले. एक पिल्लू जयाने स्वतःच्या हाताने बनुबाईंना दिले.

बनुबाई ही एकटी राहणारी म्हातारी. गावापासून दूर, तिन्ही बाजूंनी उसाने वेढलेल्या वस्तीवर तिचे एक घर, एक गाय आणि पाच शेळ्या. शेळ्या हेच तिचे पोट. तिने पिल्लाचे नाव ठेवले वस्ताद. पुढची हकीकत मला नंतर तिच्याच तोंडून कळली. सहा महिन्यांचा होईपर्यंत वस्ताद नावाप्रमाणे वाढला. मग तो पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकू लागला. बनुबाईला ते गमतीचे वाटले. पुढे तो ओट्याची पायरी चढेना. सकाळी उठताना पुढचे पाय रोवायचा, अंग ओढायचा आणि पुन्हा बसायचा. बनुबाई शनिवारी शिंगणापूरला गेली, शनिदेवाला तेल वाहिले, उरलेले तेल घरी आणून वस्तादच्या कमरेला चोळले. तिच्या श्रद्धेला मी हसणार नाही. त्या कुत्र्यासाठी कुणी काही केले असेल तर ते तिनेच. पण उखळी तेलाने खोल होत नाही.

भाद्रपदात एका दुपारी उसातून बिबट्या निघाला आणि बांधावर चरणारी शेळी त्याने धरली. वस्ताद अंगणातून जीव तोडून भुंकला. पुढच्या पायांवर उभा राहिला. मागचे पाय आले नाहीत. बिबट्या शेळी घेऊन उसात गेला, आणि बनुबाईने दारामागची काठी काढून वस्तादला मारले. त्यानंतर वस्तीवर येणारा-जाणारा त्याला कामचोर म्हणू लागला. एक जण म्हणाला, की याला वस्ताद कशाला, पाव्हना म्हण. दिवाळीच्या तोंडावर बनुबाईने ठरवले, की शेजारच्या बिभीषणचा टेम्पो शनिवारी शिंगणापूरला जाणार आहे, त्यात वस्तादला घालायचे आणि तिथे सोडून यायचे. भाविकांची गर्दी असते; कुणी तरी तुकडा टाकेल. ज्याला उभे राहता येत नाही, त्याला गर्दीत सोडण्याचा हा बेत होता, आणि तो दया म्हणून ठरला होता.

त्याच दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, सायंकाळी सूर्याला ग्रहण लागले.

साफसफाईत कडूबाईंना मी सापडलो होतो. काकासाहेबांच्या गच्चीवर आठ-दहा माणसे जमली आणि मी हातोहात फिरू लागलो. प्रत्येक जण मला डोळ्यासमोर धरी, एक डोळा मिटी आणि म्हणे, “लागलं बरं का.” मी त्यांच्या आणि सूर्याच्या मध्ये होतो. कॅप्टनच्या दोन्ही उखळ्या, दोन्ही बाण, कोपऱ्यातले नाव, सारे त्यांच्या नाकासमोर उजळून निघाले होते. आठ-दहा माणसांनी आठ-दहा वेळा माझ्यातून आरपार पाहिले. मला त्या दिवशी एक गोष्ट समजली. सत्य लपवायला कपाट लागत नाही. ते डोळ्यांसमोर धरले आणि नजर पलीकडे ठेवली, की पुरते.

जया ग्रहण पाहायचे कागदी चष्मे घेऊन घरोघर फिरत होती. एक्स-रेतून सूर्य पाहिल्याने डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते, हे ती सगळ्यांना सांगत होती. तुम्हीही ते लक्षात ठेवा. ती गच्चीवर आली, तिने सगळ्यांना चष्मे वाटले आणि कडूबाईंच्या हातातून मला काढून घेतले. सवयीने तिने मला उजेडाकडे धरले, पण सूर्याकडे पाठ करून, पूर्वेच्या मोकळ्या आभाळाकडे.

माझ्या आयुष्यात डॉक्टरांनंतर मला वाचणारी ती पहिली. तिने नाव वाचले. तारीख वाचली. मग बाणांवरून बोट फिरवले, एकदा डावीकडच्या, एकदा उजवीकडच्या.

“काका, हा दवाखान्यात होता ना?” ती म्हणाली.

काकासाहेब खुर्चीवर सावरून बसले. आत्ता दिवाळीचा सन हाय, म्हणाले. मानसांत बसलोय, म्हणाले. मग म्हणाले, “सूनबाई, एवढ्या लांबून येत्यात लोकं त्याच्यासाठी. उद्याच्याला अकोल्याहून जीप येनार हाय. ती मानसं काय येडी हायेत? वीस नखं हायेत त्याला. जा, मोज खाली जाऊन.”

सगळ्यांनी खाली पाहिले. अंगणात कॅप्टन झोपेतून उठत होता. एकदा उठला आणि बसला. दुसऱ्यांदा उठला आणि बसला. तिसऱ्यांदा त्याने भिंतीला अंग टेकवले आणि उभा राहिला. वीसही नखे जमिनीवर किंवा जमिनीजवळ होती. त्यांचा काही उपयोग झाला नाही.

“आत्ता जागा झालाय त्यो,” काकासाहेब म्हणाले.

तेव्हा कडूबाई बोलल्या. आवाज चढवला नाही. हातातला कागदी चष्मा घडी करत, त्याच्याकडेच पाहत बोलल्या.

“पंकजाच्या वक्ताला त्यांनीबी कागद दावला न्हवता. पोराचं दुखनं आपल्याला लग्नानंतर कळलं. तवा तुमी आठ दिस जेवला न्हवता.”

पंकजा ही त्यांची मुलगी. लग्नाच्या सातव्या महिन्यात ती माहेरी परत आली होती. चारचौघांत तिच्याविषयी बोलायची पद्धत नव्हती. बन्सीभाऊ कठड्याशी उभे होते. त्यांनी जयाकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. पांढरे चांगले की काळे, हे त्यांना आता कळले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयाने मला दूध संकलन केंद्राच्या खिडकीला चिकटवले, नाव वाचता येईल असे. तिथे सकाळ-संध्याकाळ सारा गाव रांगेत उभा असतो. खाली तिने एक वाटी आणि एक उथळ बशी ठेवली, दोन्हींत बुंदीचा एकेक लाडू. कुणी विचारले की ती दोन्ही भांडी हलवून दाखवी. वाटीतला लाडू वाटीतच राही. बशीतला घरंगळे. लोक हसत, मग माझ्याकडे पाहत आणि हसणे थांबवत.

अकोल्याची जीपही तिथेच थांबली, काकासाहेबांचे घर विचारायला. आतून दोघे भाऊ उतरले. त्यांनी मला पाहिले, लाडू पाहिले, जयाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले. थोरल्याने विचार केला आणि म्हणाला, “बाई, ते समदं बराबर हाय. पर नखं वीस हायेत ना?”

जीप काकासाहेबांच्या घराकडे गेली. मित्रांनो, अज्ञान सांगून दूर करता येते, असे तुम्हाला शिकवतात. पुष्कळदा येते. पण ऐकून घेऊन, मान डोलावून, ‘बराबर हाय’ म्हणून जे पुढे निघते, ते अज्ञान नसते. त्याला दुसरे नाव शोधावे लागेल, आणि ते नाव सभ्य नसेल.

जीप अर्ध्या तासाने परतली. कडूबाईंनी कॅप्टनला आतल्या खोलीत घेतले होते आणि स्वतः उंबऱ्यात बसल्या होत्या. आमचा कुत्रा आम्ही देत नाही, एवढेच त्यांनी सांगितले. काकासाहेब ओसरीवरच होते. त्यांनी जीप थांबवली नाही, असे नंतर सगळ्यांनी सांगितले.

जया मात्र बनुबाईंच्या वस्तीवर जायला धजावत नव्हती. ते पिल्लू तिने दिले होते. काय म्हणून सांगायचे? शुक्रवारी सायंकाळी दूध घालायला आलेल्या बिभीषणकडून तिला उद्याच्या टेम्पोचे समजले. शनिवारी सकाळी तिने मला खिडकीवरून सोडवले आणि आम्ही निघालो.

आम्ही पोहोचलो तेव्हा टेम्पोचे इंजिन चालू होते. वस्ताद मागच्या फळीवर पोत्यावर निजला होता. गळ्यात दोरी होती, तिची गरज नव्हती. बनुबाई भाकरीचे फडके त्याच्याजवळ ठेवत होती. जयाने बिभीषणला गाडी बंद करायला सांगितले आणि मला बनुबाईपुढे उन्हात धरले. तिने उखळी दाखवली, गोळा दाखवला, वाटी आणि बशीचे सांगितले. हा बापाचा फोटो आहे, म्हणाली. याचेही असेच आहे. मावशी, मी तपासून द्यायला हवा होता. मी तपासला नाही.

बनुबाईने पदराने डोळे पुसले, स्वच्छ दिसावे म्हणून. बराच वेळ ती माझ्याकडे पाहत राहिली. मग टेम्पोतल्या कुत्र्याकडे पाहिले.

“म्हंजी त्या दिशी त्याला उठायचं हुतं,” ती म्हणाली.

“हो, मावशी.”

“त्यो उठत हुता.”

“हो.”

“आन् मी त्याला काठीनं हानलं, जया.”

बनुबाईने फळीवर हात टेकला आणि वस्तादने तिचा हात चाटला. तो चाटणारच होता. कुत्र्यांची एकच परीक्षा, मायेची, आपण कधी घेत नाही, कारण तिचा निकाल आपल्याला सोसणार नाही.

“बिभीषन, उतरव त्याला,” ती म्हणाली. “दोघांनी धरा. कमरेखाली हात घाला.”

वस्ताद अजून वस्तीवर आहे. डॉक्टर अश्विनींच्या औषधाने त्याच्या वेदना कमी झाल्या आहेत. पायरीला उतार बांधला आहे, निजायला पोत्यांची जाड गादी आहे, आणि त्याचे वजन वाढू नये म्हणून बनुबाई भाकरी मोजून घालते. रस्त्यावरचा एक अठरानखी गावठी कुत्रा तिने आणला आहे. धावायचे काम तो करतो. भुंकायचे काम वस्तादचे. सात पिल्लांतली तीन पांगळी झाली. काकासाहेबांनी नखे मोजून उचललेले त्यांपैकी एक. कॅप्टनला आता कमरेखाली पंचा घालून उचलावे लागते. ते काकासाहेब स्वतः करतात, दिवसातून चार वेळा, कुणी पाहत नाही असे वाटते तेव्हा. त्यांनी माझी क्षमा मागितलेली नाही. माझी मागायचीही नाही.

मी पुन्हा दूध केंद्राच्या खिडकीला आहे. उन्हाने माझा काळा रंग विटत चालला आहे. काही वर्षांत उखळी आणि गोळा वेगळे दिसणार नाहीत. तोवर माझे एवढे ऐका. उद्या तुमच्या घरी, तुमच्या मळ्यावर कुणी पिल्लू आणील. त्याचे डोळे, त्याचे कान, त्याचा मऊ पोटाचा गोळा पाहून तुम्ही सारे विसराल. विसरण्याआधी त्याच्या आईबापाची तपासणी मागा. खुब्याची मागा, हृदयाची मागा, डोळ्यांची मागा. चांगला आला, असे कुणी तोंडी सांगेल, तर दाखवा म्हणा. दाखवला, तर त्यावरचे नाव वाचा. वाचता आले नाही, तर वाचणाऱ्याकडे जा. हसतील. मुलाकडच्यांना विचारता का, म्हणतील. विचारा. मुलाकडच्यांनाच आधी विचारा.

आणि पुढचे ग्रहण येईल तेव्हा कपाटावरून आमच्यापैकी कुणाला काढलेत, तर सूर्याकडे पाठ करा. त्याला तुम्ही पाहिले नाही म्हणून त्याचे काही अडत नाही. माझ्यात जो आहे, तो अजून तिसऱ्यांदा उठायचा प्रयत्न करतो आहे.